ऑर्गनचे पाईप आणायला भिवंडीला

भिवंडीला हौसेनं फिरायला कोणी जात नाही. मीही गेले नव्हते, कामाला गेले होते. तरी कुणाला जावंच लागलं तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. शुक्रवारी तिथे कामं होत नाहीत, कारण कापड विणायचे लूम बंद असतात. आणि आपण घरी बोलतो त्या आवाजात बोललात तर कोणी ‘ओ’ देणार नाही. तिसरी गोष्ट मला परतल्यावर, फोनवर कळली. ती ओघात येईल.

नगरच्या आमच्या जुन्या चर्चमध्ये पाईप ऑर्गन आहे. १९९० साली पावसाळ्यानंतर छपराचं काम निघालं, तेव्हा ऑर्गनचे पुढचे धातूचे पाईप काढून, चादरींत गुंडाळून मागच्या शेडमध्ये ठेवले होते. कंत्राटदारानं जुने पत्रे भंगारात घातले, ते न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानं शेडमधलं होतं नव्हतं ते सगळं उचललं. चौकशी करता करता कळलं की माल पडघ्याच्या एका गोदामात गेला आहे. नाताळाच्या आधी मुंबईहून ऑर्गन दुरुस्त करणारा माणूस यायचा होता. कित्येक वर्षं खटपट केल्यावर तो यायला तयार झाला होता. पाईप परत आले तर ऑर्गन वाजणार, नाहीतर नाही, इतकी सरळ गोष्ट होती.

मी शाळेच्या कचेरीत हेडक्लार्क. कुठलंही काम याद्या करून करणारी, म्हणून मंडळींनी मलाच पाठवलं. निघायच्या आदल्या दिवशी भास्कर गुरुजींकडे गेले. गुरुजी आमच्या चर्चचा ऑर्गन उभं आयुष्य वाजवत आलेले. गणिताचे शिक्षक, आता पंचाहत्तरी उलटलेले, दम्यानं वाकलेले. प्रवास त्यांना शक्य नव्हता.

“आणायला निघालीस ते काय आहे, माहीत आहे का?” त्यांनी विचारलं.

“पाईप,” मी म्हटलं.

“नळाचे?”

मग औषधाची रिकामी बाटली घेऊन तिच्या तोंडावर त्यांनी आडवी फुंकर मारली. घुमल्यासारखा आवाज आला. म्हणाले, “बाटली वाजली का? नाही. बाटलीतली हवा वाजली. पाईप गात नसतो, हवा गाते. पाईप तिला फक्त घर देतो.”

कागदावर त्यांनी पाईप काढून दाखवला. खाली निमुळता पाय. त्यातून भात्याची हवा वर येते आणि एका बारीक फटीतून पातळ पदरासारखी बाहेर पडते. फटीच्या वर पाईपला तोंड कापलेलं असतं. हवेचा पदर त्या तोंडाच्या वरच्या ओठावर आपटतो. तो ओठाच्या आत शिरला की नळीतली हवा दबते आणि त्याला बाहेर ढकलते. बाहेर गेला की आतली हवा त्याला पुन्हा ओढून घेते. आत, बाहेर, आत, बाहेर, क्षणात शेकडो वेळा. त्याचाच सूर होतो. सूर किती खाली हे नळीच्या लांबीवर. लांबी दुप्पट केली तर सूर सप्तकभर उतरतो.

“आणि धातू?” मी विचारलं.

“कथील आणि शिसं. म्हणूनच जपायचं. गरम भांडं टेकलं तरी वाकेल असलं ते. कोणी वितळवायच्या आत पोच.”

माझी यादी तयारच होती: सुतळी, गोणपाट, सहा जुन्या चादरी, चर्चच्या पाळकसाहेबांची चिठ्ठी, मोजपट्टी, बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी. त्यात ‘वितळवू न देणे’ हे सगळ्यात वर लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

गुरुवार, भिवंडी

माळशेज घाटाबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी झोपले होते. कल्याणला बस बदलून दुपारी भिवंडीत उतरले, तर आधी वाटलं मोठा पाऊस पडतोय. आभाळ कोरडं होतं. तो लूमचा आवाज होता. एका घरातून नव्हे, सगळ्या बाजूंनी, आणि पायाखालूनही.

सुलभा ही माझी बी.एड.च्या वसतिगृहातली मैत्रीण. तिच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतली, तिचे यजमान अरविंदराव नगरपालिकेत कारकून. वसतिगृहात कुजबुजणारी ही मुलगी आता दारातूनच ओरडली, “अगं, किती वाळलीस!” गल्लीनं ऐकलं. मी हळू आवाजात काही म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे बघायची. पहिल्यांदा वाटलं, दातात काही अडकलंय. नंतर लक्षात आलं, ती ओठ वाचत होती. तिथे बहुतेक सगळेच वाचतात.

“शुक्रवारी लूम बंद पडले की आम्हाला झोप लागत नाही,” अरविंदराव म्हणाले. “कानात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.”

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. आमच्या बाजरीच्या भाकरीपुढे ही भाकरी म्हणजे पांढरा रुमाल, पण बिरड्याबरोबर मी तीन खाल्ल्या. माझ्या भाकऱ्या सुलभाच्या मुलांनी चटणीसकट संपवल्या, म्हणजे व्यवहार बरोबरीचा झाला.

शेजारच्या ओट्यावर दोन बायका कापडाचा ताका मांडीवर पसरून सुईनं काहीतरी टिपत बसल्या होत्या. मी विचारलं.

“मेंडिंग,” सुलभा म्हणाली. “धागा तुटला, भोक पडलं, तर घेणाऱ्या पार्टीकडे माल जायच्या आधी भरून काढायचं. भोक असलेला माल भिवंडीबाहेर जात नाही.”

“जातो गं,” अरविंदराव आतून ओरडले. “आपण कबूल करत नाही एवढंच!”

मी हसले. हेही प्रवासात पाहिलेल्या गमतींच्या यादीत टाकलं आणि विसरून गेले.

संध्याकाळी सुलभाला पाईपचं तत्त्व सांगायला मी तिच्या घरातली एक रिकामी कांडी घेतली. कांडी म्हणजे आडवा धागा गुंडाळायची लाकडी नळी, ती मागाच्या धोट्यात बसते. तिच्या तोंडावर आडवी फुंकर मारली, बारीक सूर आला. खालचं भोक बोटानं बंद केलं, तर तीच कांडी एकदम जाड आवाजात बोलली. सुलभा म्हणाली, “इतकी वर्षं ही घरात पडून आहे, आणि आज तोंड उघडलं हिनं.” मुलं मग झोपेपर्यंत कांड्या फुंकत बसली.

त्याआधी अरविंदरावांनी गोदामाच्या मालकाला, काथोडशेठना, फोन लावून दिला. शेठ मूळचे तिथल्याच गावचे शेतकरी. महामार्गालगतच्या शेतात गोदामं झाली आणि ते व्यापारात आले.

“चर्चचा माल?” शेठ फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होते की फोनची गरज नव्हती. “आवो बाई, मना काय ठावं! मी उद्या त्यो भट्टीला धाडनार व्हतो. आता न्हाय धाडत. देवाचा माल हाय त्यो.”

मला इतकं हायसं वाटलं की मी दोनदा आभार मानले. म्हटलं, “शेठ, फार जपून ठेवा. काही खराब होऊ देऊ नका.”

“तुमी चिंता कराची न्हाय. एकदम वेवस्थित करून देतो. शनवारी या. उद्या शुक्रवार, नारपोलीत कोन भेटाचा न्हाय.”

नारपोली म्हणजे भिवंडीतली लूमची वस्ती; तिचा इथे काय संबंध, हे मी विचारायला हवं होतं. पण यादीतली पहिली ओळ खोडायच्या आनंदात होते मी.

शुक्रवार, गणेशपुरी

मोकळा दिवस होता म्हणून सुलभानं मला एस.टी.नं वज्रेश्वरी-गणेशपुरीला नेलं. गेलात तर सकाळी लवकर जा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भाताची कापणी चालली होती. आमच्याकडे ज्वारीच्या रानात धूळ उडते, इथे कापलेल्या भाताचा ओलसर, गोडूस वास येत होता. देवीचं दर्शन झाल्यावर सुलभानं प्रसादाची साखर माझ्या हातावर ठेवली. “तुमच्यात चालतं ना?” म्हणाली. मी म्हटलं, “साखर सगळ्यांत चालते.”

गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून आम्ही बराच वेळ बसलो. माझी एक चप्पल पाण्यात गेली. ती काढायला वाकलेल्या सुलभाचा चष्मा तिच्या मागोमाग गेला. दोन्ही वस्तू एका साधूनं काठीनं काढून दिल्या आणि “पुढच्या वेळी डोकी सोडू नका,” म्हणाला. वाफेत बसल्या बसल्या मला गुरुजींचं एक वाक्य आठवलं: ऊन हवेत आवाज जास्त वेगानं धावतो, म्हणून उन्हाळ्यात ऑर्गन चढा लागतो आणि नाताळात उतरतो. सुलभाला हे सांगितलं. ती म्हणाली, “माझ्या सासूबाईंसारखाच की!”

इतक्या निर्धास्त मनानं मी किती वर्षांत कुठे बसले नव्हते. पाईप वाचले होते, उद्या टेम्पो ठरवायचा, परवा नगर. आता तो दिवस आठवला की त्या कुंडातलं ऊन पाणी नको वाटतं. त्याच वेळी नारपोलीत काय चाललं होतं ते मला माहीत नव्हतं.

शनिवार, पडघा आणि नारपोली

मी आणि अरविंदराव पोचलो तेव्हा काथोडशेठ गोदामाच्या दारातच उभे होते. पांढरा लेंगा, गळ्यात जाड साखळी. मी आत नजर टाकली. तुटके लूम, मोटारी, पत्रे. पाईप नव्हते.

“माल कुठाय?”

“पयले जेवाचं.”

“शेठ, माल?”

“नारपोलीला हाय, रशीदभायकडं. रिपेरला धाडला. बाई, तुमच्या मालाला फॉल्ट व्हता! येका येका पायपाला येकाच जागी भोक. मना तर लाज वाटली. देवाच्या घरचा माल आन्‌ भोकं असलेला परत द्याचा? पार्टीला असा माल आमी कवा देत न्हाय.”

शेठच्या घरी जेवायला बोंबलाचं कालवण होतं. चांगलं असणार. त्याची चव मला आठवत नाही. जेवण होताच शेठना घेऊन आम्ही नारपोलीला निघालो.

नारपोलीच्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना लूम होते. हवेत कापसाचा भुगा, आणि कामगार एकमेकांशी बोटांनी बोलत होते. रशीदभाईंचं दुकान लूमच्या दोन कारखान्यांच्या मध्ये, आठ हात रुंद. ते डाख देण्याचं काम करायचे: टाक्या, पिंपं, लूमची तेलपात्रं. वयानं माझ्याएवढेच, मेंदी लावलेली दाढी. अरविंदरावांनी त्यांच्या कानाशी ओरडून माझी ओळख करून दिली. रशीदभाईंनी खुर्ची पुसली, आणि मागचा पडदा बाजूला केला.

सगळे पाईप उंचीप्रमाणे भिंतीला लावून ठेवले होते. घासून चांदीसारखे चमकवलेले. प्रत्येकाच्या तोंडावर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा बरोबर मापाचा तुकडा बसवलेला आणि चारी बाजूंनी डाख दिलेला, इतक्या सफाईनं की बोट फिरवलं तर सांधा लागत नव्हता.

“कल पूरा दिन लगा,” ते ओरडून सांगत होते. “जुम्मे के दिन मैं काम नहीं करता. लेकिन सेठ बोले, इबादतगाह का माल है. तो सुबह की नमाज पढ़ के बैठ गया. धातु बहुत नाजुक है, बाई, ज़रा आँच ज़्यादा हुई कि पिघलती है. लेकिन एक भी लीक नहीं. पानी भर के देख लो!”

मी एकेका तोंडावरचा पत्रा नखानं चाचपत होते. त्यांना वाटलं लूममुळे मला ऐकू येत नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं.

मग त्यांनी फडक्यातून एक पाईप काढला. हातभर लांबीचा, उघड्या तोंडाचा. त्याला त्यांनी हात लावला नव्हता. “नमूना रखा है. सेठ को दिखाने के लिए, पहले कैसा था, बाद में कैसा बनाया.”

मी तो घेतला, पाय ओठांना लावला आणि फुंकला. बोटांना बारीक थरथर जाणवली. कानाला काहीच नाही. लूम सगळं गिळत होते. मी तोंडाकडे बोट दाखवून खुणा केल्या, फुंकत राहिले. अरविंदराव, शेठ आणि रशीदभाई माझ्याकडे बघत होते. भिवंडीत सगळ्यांना ओठ वाचता येतात, पण त्या पाईपचे ओठ कोण वाचणार?

तेवढ्यात लाईट गेली.

तुम्ही तिथे असल्याशिवाय ते कळणार नाही. एक लूम आधी थांबत नाही, सगळे एकदम दम सोडल्यासारखे थांबतात. गल्ली रिकामी झाल्यासारखी वाटली. त्या शांततेत माझ्या हातातला पाईप वाजत होता. सरळ, गोल, कुठेही न कापणारा सूर. मी थांबले नाही. समोरच्या कारखान्यातले लोक दारात आले. कोणीतरी विचारलं, “क्या है ये?”

माझा श्वास संपला.

रशीदभाईंनी पाईप माझ्या हातातून घेतला, तोंडाशी तळहात धरला, पायातून फुंकलं. सूर आला. मग त्यांनी ते तोंड अंगठ्यानं बंद केलं आणि पुन्हा फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. त्यांनी अंगठा काढला. लावला. काढला. भिंतीला लावलेल्या पाईपांकडे मात्र ते बघत नव्हते.

“ये छेद नहीं था,” ते म्हणाले. आता ओरडायची गरज नव्हती, तरी आवाज चढाच होता. “ये तो गला था.”

“हो,” मी म्हटलं.

“किसी ने बताया क्यों नहीं, बाई?”

सुतळीपासून चादरींपर्यंत सगळं मी यादीत घेतलं होतं. वितळवू नका, हे सांगितलं होतं. जपा, हे सांगितलं होतं. ते भोक कशासाठी असतं, हे सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्या चर्चमधल्या शेंबड्या पोराला ते माहीत असतं. आणि इथे भोकाचा अर्थ एकच होता, तोही सगळ्यांना माहीत होता.

काथोडशेठ पहिल्यांदाच हळू बोलले. “बाई, मी भट्टीला धाडला असता तर पाप लागला असता. वाचवाला गेलो त…”

रशीदभाईंनी लगेच डाख द्यायची सळई तापवली. सगळ्यात लहान पाईप घेतला आणि पत्र्याच्या कडेनं डाख सैल करायला लागले. डाख सुटला, पण त्याच्याबरोबर पाईपचा वरचा ओठही मेणासारखा खाली आला. डाख आणि पाईप, धातू जवळजवळ एकच. लावताना त्यांनी जिवाच्या आकांतानं आच सांभाळली होती, पण काढताना तसं सांभाळता येणार नव्हतं. त्यांनी सळई बाजूला ठेवली आणि कपाळाला हात लावून बसले.

लाईट आली. गल्ली पुन्हा सुरू झाली. आम्ही पाईप चादरींत गुंडाळले. चादरी बरोबर सहाच लागल्या.

नगर

रविवारी टेम्पोनं पाईप घेऊन परतले. गुरुजी काठी टेकत शेडपर्यंत आले होते. मी वाटेत सगळं नीट क्रमानं सांगायचं ठरवलं होतं, पण चादर सोडल्यावर सांगायला काही उरलं नाही. त्यांनी एका पाईपवरून बोट फिरवलं, पायापासून वर, आणि बंद तोंडापाशी थांबले.

“काय सुरेख हात आहे,” ते म्हणाले. मग म्हणाले, “त्याला रागावलीस का?”

“नाही.”

“बरं केलंस.”

मुंबईचा माणूस आला, बघून गेला. तोंडं पुन्हा कापता येतील, म्हणाला, पण ओठ आणि फटी गेल्यात, सूर येणार नाही. सगळे नवे घडवावे लागतील, ते या देशात होणं कठीण. ते पाईप आम्ही पुन्हा ऑर्गनच्या पुढच्या बाजूला उभे केले. आता ते फार सुंदर दिसतात. नवे लोक आत आल्यावर आधी तिकडेच बघतात.

नाताळात पेटीवर गीतं झाली. सुरुवातीला गुरुजींनी तो एक उघडा पाईप काढून सूर दिला. त्यांचा दम अर्ध्यावर तुटला, पण मंडळींनी सूर धरला. थंडी होती. भिवंडीत ऐकला त्यापेक्षा तो मला थोडा उतरलेला वाटला. गुरुजींना सांगितलं तर म्हणाले, “असणारच. तू ऐकलास तो तिथल्या हवेचा होता. तो तिथेच राहिला.”

नव्या वर्षात सुलभाकडून कळलं: रशीदभाई भेटतील तेव्हा विचारतात, बाईंचा बाजा वाजला का. त्यांच्या शेजारच्या लूममालकाचा नंबर तिनं दिला होता. मी एका सकाळी एस.टी.डी. बूथवर निघाले, तर गुरुजी पाईप घेऊन वाटेत उभे. “मलाही येऊ दे.”

बूथच्या काचेच्या खोक्यात आम्ही दोघं जेमतेम मावलो. पलीकडे कोणीतरी रशीदभाईंना बोलावून आणलं.

“बाई! बजा क्या?” ते ओरडले.

मी काही म्हणायच्या आत गुरुजींनी रिसीव्हर पाईपच्या तोंडाशी धरायला लावला, डोळे मिटले आणि फुंकलं. जमेल तितका वेळ फुंकलं. काचेचं खोकं भरून गेलं. बूथवाला वाकून बघायला लागला.

मी रिसीव्हर कानाला लावला.

“हॅलो? हॅलो, बाई? कुछ सुनाई नहीं दिया!” रशीदभाई म्हणत होते, आणि त्यांच्या मागे तोच पावसासारखा आवाज. “इधर लाइट है. सब लूम चालू है. लाइट जाए तब करना!”

फोन कटला. गुरुजी भिंतीला टेकून धापा टाकत होते.

“काय म्हणाला?”

“म्हणाले, लाईट गेली की पुन्हा करा.”

गुरुजींनी पाईप हळूहळू फडक्यात गुंडाळला.

“करू की,” ते म्हणाले. “तोवर फुंक उरली पाहिजे.”